खिडकीबाहेरच्या शकुंतलाबाई

मी डीटीपी करते. म्हणजे लोक हातानं लिहून आणतात ते कॉम्प्युटरवर टाइप करते, मांडते आणि छापायला तयार करून देते. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, प्रबंध, वास्तुशांतीची निमंत्रणं, श्रद्धांजलीची पत्रकं. आधी अकरा वर्षं औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात केलं, मग अठरा वर्षं सिडकोत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. एकूण एकोणतीस.

बाहेरच्यांना हे टायपिंगचं काम वाटतं. टायपिंग त्यातलं निम्मंही नाही. खरं काम जागेचं आहे. कुठं किती मोकळं सोडायचं, हे ज्याला कळत नाही त्याची पत्रिका सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी दिसते.

एकदा अजिंठ्याकडचे एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचा नमुना घेऊन परत आले. हातात कंपासपेटीतली पट्टी होती.

"ताई, थोरल्या मामाचं नाव लहान झालंय."

"दोन्ही मामांची नावं चौदा पॉइंटात आहेत. अक्षरांचं माप एकसारखं."

"पट्टी लावून बघा की. धाकट्याचं चार सेंटिमीटर भरतंय, थोरल्याचं दीड."

"धाकट्यांचं नाव चंद्रशेखर आहे, थोरल्यांचं राम. त्याला मी काय करू?"

"ते मला कळतंय हो. थोरल्याला कळंल का? पॉइंट तुमच्या कॉम्प्युटरात ऱ्हाणार, पत्रिका त्याच्या हातात."

दहा मिनिटं मी वाद घातला. शेवटी रामला अठरा पॉइंट केलं. लग्न नीट पार पडलं, असं नंतर कळलं. दुसरे एक प्राध्यापक दीडशे पानांचा प्रबंध घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, गाइडला दोनशे लागतात, तुमच्या पद्धतीनं काही करा." ओळींमधली जागा वाढवून मी पन्नास पानं काढून दिली. ते आता डॉक्टर आहेत. त्या पन्नास पानांबद्दल मला अजून थोडं ओशाळल्यासारखं होतं.

पण दिवाळी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर मला सांगायचंय ते एका चित्रकथेबद्दल. त्या कामात मी बारा वेळा एकच चूक केली, आणि ती चूक निघाल्याचा मला आनंद झाला.

नऊ वर्षांपूर्वी देविदास सर माझ्याकडे आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त व्हायला आलेले, राहायला पैठणला. बारीक अंगाचे, खिशाला चार पेनं. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाले, "यात चित्रं आहेत. शब्द या वहीत आहेत. दोघांची गाठ घालून द्या."

ती 'चौकशी खिडकी'. मोबाइलवर वाचायची चित्रकथा, दर पंधरा दिवसांनी एक भाग. एका लहान गावाच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत शकुंतलाबाई बसतात. लोक येऊन गाडीची वेळ विचारतात, त्या सांगतात. पण काही लोक गाडीच्या निमित्तानं दुसरंच विचारतात. एक बाई विचारते, "जालन्याहून शेवटची गाडी कितीला? आमचा पोरगा येईल का आज?" शकुंतलाबाई म्हणतात, "गाडी सव्वानऊला. तोवर दाराला कडी लावू नका." बस, एवढाच भाग. लोक अशा भागांचे फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. माझ्याकडे पत्रिका द्यायला आलेले लोक भिंतीवर लावलेलं चित्र बघून विचारायचे, "ही तुमची शकुंतलाबाई व्हय?" मी मान डोलवायची, जशी काही ती माझीच आत्या.

छापील पुस्तकात चित्रं पानावर शेजारी शेजारी बसतात. मोबाइलवर ती एकाखाली एक येतात, आणि वाचणारा अंगठ्यानं पडदा वर सारत जातो. दोन चित्रांच्या मध्ये कोरी जागा असते. ती जागा म्हणजे वेळ. जागा कमी असेल तर पुढचं लगेच घडतं, जास्त असेल तर वाचणाराही थांबतो. सरांनी यासाठी स्वतःचं माप काढलं होतं, अंगठा. एकदा अंगठा सारला की जेवढा पडदा सरकतो तेवढी जागा म्हणजे एक अंगठा. मी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. प्रवाशानं प्रश्न विचारला की अर्धा अंगठा, कारण शकुंतलाबाई उत्तराला वेळ लावत नाहीत. शकुंतलाबाई बोलल्या की एक अंगठा, कारण उत्तर ऐकून माणूस जरा उभा राहतो. खिडकीपाशी कुणीच नसेल तर तीन अंगठे. सहा वर्षांत एकशे चव्वेचाळीस भाग झाले आणि त्यातलं एकही अंतर चुकलं नाही. सर लोकांना सांगायचे, "मंगलताईंच्या तक्त्यावर माझी बाई उभी आहे."

मग सरांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. शकुंतलाबाईंना निवृत्त करून त्यांनी मालिका संपवली. वाचणारे हळहळले, मीही.

दोन वर्षांनी उज्ज्वला आली. करमाडची, सरांची जुनी विद्यार्थिनी, वय चौतिसाच्या आसपास. शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायची नोकरी. तिनं पुढची गोष्ट रचली होती, 'खिडकीबाहेर'. निवृत्त शकुंतलाबाई आता स्वतःच एसटीनं फिरतात, शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलतात. सरांनी तिला बारा भागांची परवानगी दिली. बारा झाले की पुढं शकुंतलाबाईंचं नाव वापरायचं की नाही, ते सर सांगणार. तिनं कंपनीतून आल्यावर आणि शनिवार-रविवारी काढून बारा भाग वर्षभरात पुरे केले. शब्द टाइप करणं आणि मांडणी माझ्याकडे होती.

पहिल्या भागापासूनच भांडण लागलं. जुन्या मालिकेत शकुंतलाबाई उत्तरं द्यायच्या. उज्ज्वलाच्या शकुंतलाबाई प्रश्न विचारतात. कुठं निघालात, घरी कोण असतं, परत कधी येणार. भागाखाली वाचकांच्या प्रतिक्रिया येत, त्या मी सगळ्या वाचायचे. एकानं लिहिलं, "बाई चौकशी करतेय की झडती घेतेय?" दुसऱ्यानं लिहिलं, "भाई, ये अपनी शकुंतलाबाई नहीं, ये तो जनगणनावाली है." बाजूनं बोलणारेही होते. एका बाईंनी लिहिलं, "आयुष्यभर उत्तरं दिली, आता विचारू द्या की तिला." तिसऱ्या भागापर्यंत दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवायला लागले आणि चित्रांबद्दल बोलणं कमी झालं.

मी झडतीवाल्यांच्या बाजूची होते. उज्ज्वलाला बोलले नाही, पण घरी यजमानांना रोज सांगायचे. ते म्हणायचे, "तुला पटत नाही तर काम सोड." मी म्हणायचे, "काम चोख करीन, मत वेगळं ठेवीन." ते हसायचे.

बारावा भाग गेला आणि आठवड्यानं सरांचा फोन आला.

"मंगलताई, मला मोबाइलवर आता काही दिसत नाही. घरचे वाचतात पण पडदा कसाबी ढकलतात. पोरगी काही विचारत नाही, पण तिकडं वाट बघत बसली असंल. तुम्ही या, वाचून दाखवा आणि सांगा, माझ्या बाईला न्याय झाला का. तुम्ही म्हणाल तसं करू."

"माझ्यावर नका टाकू, सर."

"दुसऱ्या कुणावर टाकू? एकशे चव्वेचाळीस भाग तुमच्या हातून गेलेत."

त्या आठवड्यात मी दुसरं काही धड केलं नाही. 'हो' म्हटलं तर सहा वर्षं ज्या बाईला जपलं तिच्याशी खोटं बोलल्यासारखं. 'नाही' म्हटलं तर उज्ज्वलाचं वर्षभराचं काम तिथंच थांबणार, तेही माझ्या एका शब्दानं. मी दोन रकान्यांचा कागद केला. जुन्या मालिकेत शकुंतलाबाईंचं सगळ्यात लांब वाक्य चौदा शब्दांचं होतं, नव्या मालिकेत बहुतेक भागांत नऊच्या वर गेलं नव्हतं. म्हणजे बडबड वाढली नव्हती. चेहरा सांभाळला होता, चष्म्याची दोरी सुद्धा. तरी वाचताना काहीतरी टोचायचं आणि ते कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना. शेवटी कागदाखाली लिहिलं, 'न्याय होत नाही', आणि एका शनिवारी सकाळच्या एसटीनं पैठणला गेले. पिशवीत मोबाइल होता आणि उज्ज्वलानं पाठवलेल्या मूळ चित्रांच्या आणि शब्दांच्या प्रिंटचा गठ्ठा. मी कुठल्याच कामाचा मूळ कागद टाकत नाही.

सर ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "लई दिवसांनी आलात. हे सकाळधरनं गेटाकडं कान लावून बसलेत."

मी वाचायला लागले. आधी चित्रात काय आहे ते सांगायचं, मग शब्द, मग सरांच्या पद्धतीनं मधलं अंतर. पहिले तीन भाग सरांनी गुपचूप ऐकले. चौथ्यात शकुंतलाबाई एका म्हाताऱ्या माणसाशेजारी बसल्या आहेत. म्हाताऱ्यांच्या मांडीवर नव्या मिक्सरचा खोका.

"शकुंतलाबाई विचारतात, 'घरी कोण असतं?' एक अंगठा. मग म्हातारे म्हणतात, 'टीव्ही.'"

सरांनी कपाळाला आठी घातली. "एक?"

"एकच. तक्त्याप्रमाणं. शकुंतलाबाई बोलल्या की एक."

"हा तर विनोद झाला. टाळी घेतल्यासारखा."

"वाचकांनीही तेच लिहिलंय. स्वस्त विनोद, असं."

"तिनं किती ठेवले होते?"

मी गठ्ठ्यातून चौथा भाग काढला. उज्ज्वलाची सवय कारखान्यातली. प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये दोन्हीकडे बाण असलेली रेघ आणि त्यावर माप. तिथं लिहिलं होतं, तीन.

ते मला नवीन नव्हतं. पहिल्या भागाच्या वेळीच मी ती मापं पाहिली होती. मला वाटलं होतं, पोरीला तक्ता माहीत नाही, जिथं बाई बोलतात तिथं एकाच्या ऐवजी तीन टाकतेय. मी तिला न विचारता सगळी अंतरं तक्त्याप्रमाणं सुधारून घेतली. बाराही भागांत. मनात तेव्हा एवढंच आलं होतं की बरं झालं, मी आहे म्हणून लक्षात आलं.

"काय लिहिलंय?" सरांनी परत विचारलं.

"तीन लिहिलंय. सर, मी बदललं. सगळीकडे बदललं."

"कशासाठी?"

"तुमचा नियम म्हणून."

"अहो, तो नियम खिडकीतल्या बाईचा होता. ती उत्तर द्यायची. ही विचारतेय. विचारल्यावर माणसाला वेळ नको का? आयुष्यात कुणी विचारलं नसंल त्याला."

वहिनी चहा देऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं बोटानं मोजून चालता तुम्ही लोक, मग यांच्या चहातली साखर कोण मोजणार? तिसरा चमचा टाकलाय यांनी आत्ता." सरांनी कप वहिनींपासून लांब सरकवला.

"पहिल्यापासून घ्या," ते मला म्हणाले. "मोबाइल ठेवून द्या. तिच्या कागदावरनं वाचा आणि तिनं लिहिलंय तेवढं थांबा."

मी परत सुरुवात केली. एका अंगठ्याला एक श्वास धरला. चौथ्या भागाशी आले. 'घरी कोण असतं?' मी तीन श्वास थांबले. समोरच्या रस्त्यावरनं एक रिक्षा गेली. मग वाचलं, 'टीव्ही.' सर हसले नाहीत. मीही नाही. पुढच्या चित्रात म्हातारे खिडकीबाहेर बघतात आणि शकुंतलाबाई मिक्सरचा खोका स्वतःच्या मांडीवर घेतात. हे चित्र आधी मला उगीच घातलेलं वाटत होतं.

बारा भागांना पावणेदोन तास लागले. माझ्या अंतरांनी ते चाळीस मिनिटांत संपले असते. मला इतके दिवस जे टोचत होतं ते शकुंतलाबाईंच्या प्रश्नांत नव्हतंच. मीच त्यांच्या प्रश्नांमागं लोकांना उत्तर द्यायला पळवत होते.

शेवटचा कागद ठेवल्यावर सर म्हणाले, "मी असतो तर त्या म्हाताऱ्याला पुढं बोलायला लावलं असतं. बायको कधी गेली, पोरं कुठं असतात. पोरीनं नाही लावलं." मग म्हणाले, "बोला आता. न्याय झाला का?"

मी माझा कागद काढला आणि खालचं वाक्य खोडलं. मग जसं वाटलं तसं सांगितलं. नऊ भागांत झाला. सातव्यात नाही, तिथं शकुंतलाबाई एका कॉलेजच्या मुलीला भाषण देतात, तिथंच एकदा बावीस शब्दांचं वाक्य आहे. दहाव्यात धरणाचे देखावे जास्त आणि माणूस कमी. अकराव्याचं मला अजून ठरवता येत नाही. आणि लोकांनी जे वाचलं त्यात बाराही भागांत झाला नव्हता, पण तो हिशेब माझ्या नावावर, उज्ज्वलाच्या नाही.

"सातव्याचं मलाबी खटकलं," सर म्हणाले. "बारात नऊ म्हणजे माझ्यापेक्षा बरे मार्क आहेत. माझे एकशे चव्वेचाळीसातले किती चांगले, ते तुम्हाला माहीत असंल."

मला माहीत आहेत. मी सांगितले नाहीत.

"तिला सांगा, चालू ठेव. नाव तेच. आणि पुन्हा मला विचारायला येऊ नको म्हणावं, आता तिची बाई ती."

परतीच्या एसटीत खिडकीशेजारी जागा मिळाली. उज्ज्वलाला फोन लावला. शनिवार असल्यानं ती घरीच होती. आधी सरांचा निरोप सांगितला, मग माझी चूक. एसटीच्या खडखडाटात विचारलं, ऐकू येतंय ना?

"ऐकतेय, मावशी," ती म्हणाली.

"तू वर्षभर बोलली का नाहीस? पहिला भाग बघूनच कळलं असेल तुला."

"कळलं होतं. मला वाटलं सरांनीच बदलायला सांगितलं असंल. कंपनीत वरच्यानं ड्रॉइंगवरचं माप बदललं की आम्ही विचारत नाय. नवं माप धरून पुढं जायचं."

"मी वरची कुठली गं? मी टायपिंगवाली."

"सर तुमच्या तक्त्याचं किती सांगायचे. त्याच्यापुढं मी काय बोलणार?" मग म्हणाली, "लोक झडती म्हणायला लागले तेव्हा मीबी म्हणलं, बरोबरच आहे त्यांचं. मलाच जमलं नाय. तेरावा काढलेला तसाच ठेवून दिलाय."

'चुकले' एवढंच म्हणता आलं. तीच म्हणाली, "जाऊ द्या, मावशी. सर हो म्हणाले ना." आणि मग, "एक कराल का? बारावा आधी दुरुस्त करा. आमच्या आईनं तेवढाच वाचलाय. म्हणली, तुझी बाई लई घाईत असती."

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन आधी बारावाच उघडला. चोवीस अंतरं होती, त्यातली सतरा मी बदललेली. ती जशीच्या तशी परत केली आणि भाग पुन्हा टाकला. बाकीच्या अकरा भागांना दहा दिवस लागले. प्रत्येकाखाली एक ओळ घातली: चित्रांमधली अंतरं चुकीची पडली होती, चूक मांडणी करणारीची, चित्रकर्तीची नाही. खाली माझं नाव. यजमान म्हणाले, एवढं कशाला, कुणी विचारलं होतं? मी म्हटलं, मी तिला विचारलं नव्हतं म्हणूनच.

वाचकांचं भांडण मिटलेलं नाही. जनगणनावाला अजून जनगणनेवरच आहे. काही जण म्हणतात, शकुंतलाबाई खिडकीतच शोभत होत्या, आणि त्यांचं मला चूक वाटत नाही. पण चौथ्या भागाखाली आता कुणी विनोद म्हणत नाही. तिथं लोक स्वतःच्या घरी कोण असतं ते लिहायला लागले आहेत. ते मी सगळं वाचते, मोजत मात्र नाही.

उज्ज्वलाचा फोन बारावा दुरुस्त केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी आला होता. आईला तिनं बारावा पुन्हा वाचायला दिला होता. त्यात शकुंतलाबाई एका अनोळखी बाईच्या घरी घटकाभर बसतात आणि उठून निघतात.

"काय म्हणाल्या आई?"

"दोनदा वाचला. म्हणली, आता बरं वाटतंय. पण त्या बाईनं एवढा आग्रह केला तर जेवून निघायला काय झालं होतं तुझ्या शकुंतलाबाईला?"

"मग?"

"मग काय. तेरावा फाडला, मावशी. नवा काढायला बसलेय. बाई माघारी फिरती आणि पाट मांडायला लावती."